पन्नाशीत पुन्हा मोटरसायकल: कोणती घ्यावी?

प्रश्न: वय 52, उंची 165 सेंमी. वीस वर्षांनी पुन्हा दुचाकी चालवायची आहे. गुडघे थोडे दुखतात. 350 सीसीची भारदस्त गाडी घ्यावी की हलकी?

उत्तर 1: सीसी नंतर बघा, आधी वजन आणि सीटची उंची. 150 किलोच्या आसपासची, 790 मिमीपर्यंत सीट असलेली गाडी तुम्हाला झेपेल. सीट रुंद असेल तर उंची कमी असूनही पाय नीट पोचत नाहीत, म्हणून प्रत्यक्ष बसूनच ठरवा. दोन्ही पायांचे चवडे पक्के टेकले पाहिजेत. इंजिन बंद ठेवून, बसल्या बसल्या गाडी दहा पावलं मागे ढकलून पाहा. परतलेल्यांची गाडी बऱ्याचदा थांबताना किंवा यू-टर्न घेतानाच कलंडते, आणि तिथे जड गाडी सावरता येत नाही.

उत्तर 2: एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, दोन्ही चाकांना हवंच. फक्त मागचा ब्रेक दाबायची जुनी सवय मोडा. ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर जातो, त्यामुळे खरी पकड तिथेच मिळते. रिकाम्या मैदानात ताशी 30 किमीवरून सरळ रेषेत थांबायचा सराव करा. पुढचा लिव्हर झटक्याने नको, दाब वाढवत न्या. साधं एबीएस वळणात कललेल्या गाडीला वाचवेलच असं नाही.

उत्तर 3: गुडघ्यांसाठी फूटपेग (पाय ठेवायचे दांडे) खूप मागे-वर नकोत. फार पुढेही नकोत, खड्ड्यात पायांवर उठता येत नाही आणि धक्का थेट कंबरेत बसतो. जुनी गाडी घेणार असाल तर टायरच्या बाजूवरचा चार अंकी आकडा वाचा: 2319 म्हणजे 2019 चा 23वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी इतकं जुनं रबर कडक होऊन ओल्या रस्त्यावर घसरतं. ते बदलाच.