विकच्या ओल्ड पल्टनी डिस्टिलरीबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं स्कॉटलंडच्या उत्तर टोकाजवळच्या विक बंदरात जाणार आहोत, ते फक्त ओल्ड पल्टनी या व्हिस्कीच्या डिस्टिलरीसाठी. डिस्टिलरी १८२६ सालची. तेव्हा गाव हेरिंग मासळीवर जगायचं. याच गावात १९२२ ते १९४७ दारूबंदी होती आणि डिस्टिलरी १९३० ते १९५१ बंदच होती! हे वाचल्यापासून ओढ आणखी वाढली.

तिथल्या वॉश स्टिलला (पहिल्या ऊर्ध्वपातनाच्या तांब्याच्या भांड्याला) नेहमीसारखी उंच वाकडी मान नाही, माथा चक्क सपाट आहे. तो जवळून बघायचाच आहे. तिथे फोटो काढू देतात का?

दुसरं, तिथल्या बारा वर्षांच्या सिंगल मॉल्टमध्ये (एकाच डिस्टिलरीत मोड आणलेल्या बार्लीपासून बनवलेल्या व्हिस्कीत) मला जिभेवर स्पष्ट खारटपणा लागतो. याचं बार्ली पीटच्या (दलदलीतल्या जळाऊ मातीच्या) धुरावर वाळवलेलं नसतं, म्हणजे स्कॉटलंडच्याच आयला बेटावरच्या धुरकट व्हिस्कींसारखा प्रकार नाही. मग हा खारटपणा गोदामातल्या समुद्री हवेचा, की स्टिलमधली वाफ थंड करणाऱ्या वर्म टबचा (पाण्याच्या टाकीतल्या वेटोळ्या नळीचा)? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा.

इन्व्हरनेसहून ट्रेनला चार तासांहून जास्त लागतात. विकला मुक्काम करावा का? कोणी राहिलं असेल तर कृपया कळवा.