२० हजारांत ग्राफिक्स कार्ड: नवं बिलाचं घ्यावं की जुनं ३०६०?

रेषाकाम_नागपूर

माझं जीटीएक्स १०६० (६ जीबी) गेलं. आधी पडद्यावर हिरवे-जांभळे चौकोन यायचे, मग ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर (मॉडेलचं पक्कं चित्र काढणं) लावला की मशीनच बंद पडायचं. इथल्या एका दुरुस्तीवाल्याने हीट गन मारून दिलं, सतराशे रुपये घेतले आणि कार्ड अकरा दिवस चाललं. सध्या प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर काम ओढतोय.

मशीन जुनं आहे: आय५-८४००, १६ जीबी रॅम, बी३६० बोर्ड. एसएमपीएस (मशीनला वीज देणारा डबा) ४५० वॅटचा, मशीनसोबतच आलेला. काम इंटिरिअरच्या रेंडरचं, घर त्यावरच चालतं. दिवसभर मॉडेलिंग, रात्री रेंडर लावून झोपायचं. रविवारी मुलगा १०८०पी मॉनिटरवर गेम खेळतो.

बजेट २० हजार, त्यावर एक रुपया नाही. समोर तीन वाटा आहेत: नवं आरएक्स ६६००, नवं आरटीएक्स ३०५० (६ जीबी), नाहीतर कुणाकडून तरी जुनं आरटीएक्स ३०६० (१२ जीबी). माझा कल जुन्याकडे आहे. बायको म्हणते, बिल नसलेली एवढ्या किमतीची वस्तू घरात आणायची नाही. तिचं म्हणणं मला खोडता येत नाही, म्हणून इथे विचारतोय.

पक्कं_बिल

वहिनींचं ऐका.

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डं राबवून ते चलन कमावणं, बंद झालं आणि दीड-दोन वर्षं दिवसरात्र राबलेली कार्डं एकदम बाजारात आली. ३०६० त्यात पुष्कळ होती. त्याच डिसेंबरमध्ये मी एक घेतलं. पुसून लखलखीत केलेलं, खोक्यासकट. चौथ्या महिन्यात एक पंखा घरघरायला लागला, सहाव्यात कार्ड गेलं. विकणाऱ्याने फोन उचलला नाही. पंधरा हजार पाण्यात.

३०६० फेब्रुवारी २०२१ मध्ये आलं. सुरुवातीच्या कार्डांची नेहमीची तीन वर्षांची वॉरंटी कधीच संपली. तुमचा तर हा पोटापाण्याचा प्रश्न आहे. उद्या सकाळी ग्राहकाला रेंडर द्यायचाय आणि रात्री दोनला कार्ड मेलं, तर कुणाकडे जाणार? नवं ६६०० घ्या. १३२ वॅट, एक ८-पिन केबल, गेममध्ये ३०५० च्या स्पष्ट पुढे.

रात्रीचा_रेंडर

पोटापाण्याचा प्रश्न आहे म्हणूनच ६६०० नको.

मी सात वर्षं हेच काम करतो. ब्लेंडरच्या सायकल्समध्ये (रेंडर काढणारा भाग) एनव्हिडियाची आरटीएक्स कार्डं ऑप्टिक्स या त्यांच्याच प्रणालीवर चालतात, किरणांचा हिशेब कार्डातला वेगळा भाग करतो. एएमडीसाठी (६६०० त्यांचंच) एचआयपी ही प्रणाली आहे, चालतं, पण ६६०० तिथे ३०६० च्या बरंच मागे पडतं. गेममधली बरोबरी रेंडरमध्ये टिकत नाही. गेमचे आकडे पाहून रेंडरचं कार्ड निवडणं ही या धंद्यात सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

दुसरं, मेमरी. सोफ्याचं कापड, लाकडाचे पोत, पडदे, बाहेरची झाडं, सगळं ४के टेक्स्चरमध्ये टाकलं की ६ जीबी कधी भरतात कळत नाही. सीन कार्डात मावला नाही तर काही भाग साध्या रॅममध्ये जातो आणि वेग कोसळतो, नाहीतर रेंडर एररने थांबतो. यांच्याकडे रॅमही १६ च आहे, म्हणजे सांडायलाही जागा नाही. १२ जीबी ही यांच्यासाठी चैन नाही, गरज आहे.

३०५० च्या ६ जीबीबद्दल एवढंच: फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेलं हे कार्ड ८ जीबीवालं ३०५० नाही. कोअर कमी आहेत आणि मेमरीची वाट १२८ बिटची ९६ झाली आहे. नाव तेच ठेवून माल हलका करणं मला गिऱ्हाइकाशी प्रामाणिक वाटत नाही.

काटकसर

एवढा खर्च कशाला? जुनं आरएक्स ५८० (८ जीबी) किती स्वस्तात मिळतं! उरलेल्या पैशात रॅम वाढवा.

रात्रीचा_रेंडर

@काटकसर, गेमसाठी म्हटलं असतंत तर ऐकलं असतं. पण ब्लेंडरने ३.० मध्ये, म्हणजे २०२१ च्या अखेरीस, ओपनसीएल (एएमडीची जुनी कार्डं ज्यावर रेंडर करायची ती सोय) काढून टाकलं आणि ५८० एचआयपीमध्ये बसत नाही. यांचा रेंडर त्या कार्डावर चालणारच नाही. शिवाय एएमडीने २०२३ मध्येच त्या पिढीचे ड्रायव्हर वेगळ्या, कमी देखभालीच्या शाखेत टाकले.

आणि पुढे कुणी १०७०-१०८० सुचवायच्या आत सांगतो: त्या पिढीला ऑक्टोबर २०२५ नंतर नवे गेम ड्रायव्हर नाहीत, फक्त सुरक्षेचे अपडेट मिळतात.

सांगलीकर

मायनिंगची भीती ३०६० ला तेवढी लागू नाही ना? एनव्हिडियाने त्यात मायनिंगचा वेग अर्ध्यावर आणणारं कुलूप घातलं होतं.

पक्कं_बिल

घातलं होतं, आणि महिन्याभरात कंपनीच्याच एका चाचणी ड्रायव्हरने ते चुकून उघडलं. नंतरच्या कार्डांत नवं कुलूप आलं, तेही मे २०२२ मध्ये पूर्ण तुटलं. कुलपाच्या भरवशावर कार्ड घेऊ नका.

बारा_व्होल्ट

एवढी चर्चा झाली, एसएमपीएसबद्दल एकानेही विचारलं नाही. लोड आला की मशीन बंद पडतं, हे लक्षण कार्डाचं असू शकतं तसंच एसएमपीएसचंही. रेषाकाम, कॅबिनेट उघडा आणि बाजूचं लेबल वाचा. मोठ्या अक्षरातला ४५० बघू नका, १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा.

रेषाकाम_नागपूर

बघितलं. दोन रकाने आहेत, खाली लिहिलंय की १२ व्होल्टवर मिळून २२ अँपिअर. पंख्यावर बोटभर धूळ होती. कार्डाची केबल ६-पिनची एकच आहे.

बारा_व्होल्ट

१२ गुणिले २२, म्हणजे २६४ वॅट, तेही कोरा असताना. ३०६० एकटं १७० वॅट मागतं, प्रोसेसर ६५ च्या वर जातो, आणि नागपुरात मे महिन्यात खोलीतच ४० अंश असतात. ६-पिनला ८-पिनचं कन्व्हर्टर लावून वेळ मारून नेऊ नका. माझ्या अंदाजाने १०६० एकटं मेलं नाही, या डब्याने त्याला मारलं. आधी चांगला ब्राँझचा (कमी वीज वाया घालवणारा दर्जा) ५५० वॅट घ्या. साडेतीन-चार हजार जातील.

पक्कं_बिल

मग बजेट उरलं १६. त्यात नवं ६६०० बसत नाही, हे मी मान्य करतो. पण ३०५० ६ जीबीला केबलच लागत नाही. ७० वॅट, सगळे स्लॉटमधून. एसएमपीएस बदलायची गरज नाही, बिल हातात, तीन वर्षं निश्चिंत.

बारा_व्होल्ट

नाही. ज्या डब्यावर संशय आहे त्यावर १० वॅटचंही नवं कार्ड लावू नये. वॉरंटी कार्ड बदलून देईल, पण बदललेलं कार्डही त्याच डब्यात जाणार.

पक्कं_बिल

बरोबर आहे, डबा बदलायलाच हवा. पण म्हणून उरलेले पैसे अनोळखी माणसाच्या हातात द्यायचे, हे मला अजून पटत नाही. मी थांबलो असतो, दोन महिने पैसे साठवले असते.

रात्रीचा_रेंडर

दोन महिने प्रोसेसरवर रेंडर म्हणजे दोन महिने निम्मी कामं परत करायची. आणि २०२५ च्या शेवटापासून मेमरी चिपांचे भाव चढलेत, थांबून कार्ड स्वस्त होईल याची खात्री कोण देणार?

टापकीर_गल्ली

पुण्यात माझं जुन्या पार्टचं काम आहे, म्हणून जुनं घ्यायचंच ठरलं तर कसं बघायचं तेवढं सांगतो. माल कुरिअरने मागवू नका. विकणाऱ्याच्या घरी, चालू मशीनवर बघा. पेनड्राइव्हवर जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर न्या. १२ जीबी आणि १९२ बिट दिसलंच पाहिजे, कारण ३०६० चं ८ जीबीचं १२८ बिटवालं रूपही आहे आणि त्याचं खोकं लांबून सारखंच दिसतं. खोट्या नावाच्या कार्डापुढे हे सॉफ्टवेअर बहुतेक वेळा ‘फेक’ असं लिहून दाखवतं.

मग तुमचाच एखादा जड सीन लावा आणि अर्धा तास बसा. चहा देतील, प्या, पण नजर तापमानावर ठेवा. चिपचं तापमान आणि हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात तापलेली जागा) यांत २५ अंशांहून जास्त फरक असेल तर चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बहुधा वाळली आहे. तेवढ्याने कार्ड बाद होत नाही, पण भाव कमी करून घ्या. पंखे हाताने फिरवून बघा. स्क्रूवरचं स्टिकर, मागचा सीरियल नंबर, खोक्यावरचा नंबर, बिलावरचा नंबर, चारही जुळले पाहिजेत. आणि बिलाची तारीख आधी वाचा.

रेषाकाम_नागपूर

एसएमपीएस आज घेतला, ३,७०० ला. त्यावर जुनं १०६० लावून पाहिलं, डिस्प्ले येत नाही. ते गेलंच आहे.

वर्धा रोडला एकाकडे ३०६० १२ जीबी आहे, १५,५०० सांगतोय. तो शिकायला पुण्याला चाललाय, लॅपटॉप घेतलाय. बिलाचा फोटो पाठवला: ऑगस्ट २०२३, नागपुरातल्याच दुकानाचं, सीरियल नंबर छापलेला. फोटो बायकोला दाखवला. तिने नंबर वहीत उतरवून घेतलाय आणि शनिवारी ती सोबत येणार आहे.

पक्कं_बिल

ऑगस्ट २०२३ म्हणजे मायनिंग थांबल्यानंतर अकरा महिन्यांनी. मग माझा मोठा आक्षेप गेला. वॉरंटीही ऑगस्ट २०२६ पर्यंत असेल. पण कंपनीला आधी फोन करून विचारा, वॉरंटी सीरियल नंबरवर देतात की पहिल्या मालकाच्या नावावर. नावावर असेल तर मूळ बिल आणि त्या मुलाचं सहीचं पत्र घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

रेषाकाम_नागपूर

फोन केला. सीरियल नंबर आणि मूळ बिल पुरतं म्हणाले. पत्र तरीही घेतो. रेंडरला आमचा सगळ्यात जड सीन नेतोय, काटोल रोडच्या फ्लॅटचा हॉल. १०६० त्यावरच बंद पडायचं.