सेंड करा आणि विसरा? विसरून दाखवाच!

अडकलेला_रँक

'मुक्तसंदेश' यांचा कालचा लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी सार: शेअर्ड मेमरी (अनेक प्रोसेसनी एकच मेमरी वापरणं) हे सगळ्या दुखण्याचं मूळ, प्रोसेसनी एकमेकींशी फक्त संदेशांतून बोलावं, लॉकच नाहीत तर डेडलॉक (सगळ्यांनी एकमेकांची वाट बघत कायमचं अडकणं) येणार कुठून, तेव्हा 'सेंड करा आणि विसरा'. खाली +१ ची रांग. प्रतिसाद लिहायला बसलो तर तो मूळ लेखाहून लांबला, म्हणून हा वेगळा धागा.

लॉक नसले की डेडलॉक नसतो, हे कुणी शिकवलं? आमच्याकडे ग्रिडवरचा (चौकटींत मांडलेल्या आकड्यांवरचा) एक एमपीआय कोड आहे. एमपीआय म्हणजे प्रोसेसनी एकमेकींना संदेश पाठवण्याचं मानक, आणि त्यातली प्रत्येक क्रमांकित प्रोसेस म्हणजे रँक. प्रत्येक रँक आपल्या कडेची ओळ शेजाऱ्याला देतो आणि मग शेजाऱ्याची घेतो. आधी सेंड, मग रिसीव्ह, सगळ्यांचं तेच. लिहिणारा केव्हाच सोडून गेला, कोड मात्र वर्षानुवर्षं निमूट चालला. मग कुणीतरी ग्रिड मोठा केला आणि जॉब लटकला. सीपीयू १०० टक्के, लॉगमध्ये अवाक्षर नाही, त्यामुळे आम्हाला वाटलं गणित चाललंय. शेवटी डीबगर लावला. रँक ० सेंडमध्ये, रँक १ सेंडमध्ये, थेट शेवटच्या रँकपर्यंत सगळे सेंडमध्ये. रिसीव्हच्या ओळीवर एकजणही पोचलेला नाही.

कारण जुनंच. संदेश लहान असला की लायब्ररी तो लगेच ढकलून देते, समोरची बाजू आपल्या पोटात ठेवून घेते आणि सेंड परत येतो. मर्यादेपलीकडे गेला की आधी समोरच्याला विचारते आणि त्याचा रिसीव्ह लागेपर्यंत थांबते. ओपन एमपीआयमध्ये ही मर्यादा मुळात टीसीपीवर ६४ केबी, एकाच मशीनवरच्या शेअर्ड मेमरीला ४ केबी. म्हणजे २० केबीची ओळ असेल तर तोच कोड दोन मशीनवर धावतो आणि एका मशीनवर लटकतो! मानक स्वतःच सांगतं की सुरक्षित प्रोग्रॅमने बफरच्या (संदेशाच्या मधल्या तात्पुरत्या साठ्याच्या) भरवशावर राहू नये. मग साधा सेंड दोन्ही प्रकारे वागू शकतो अशी पळवाट ठेवलीच कशाला? माझं म्हणणं स्पष्ट आहे: सेंड मुळातच सिंक्रोनस असावा, म्हणजे समोरचा रिसीव्ह सुरू होईपर्यंत त्याने परत येऊ नये. बफर हवा असेल त्याने तो मागून घ्यावा.

मुक्तसंदेश

नाव घेऊन धागा काढल्याबद्दल आभार. माझ्या लेखात एमपीआयचा 'ए'सुद्धा नव्हता. मी एर्लँग या भाषेबद्दल लिहिलं होतं, तिथे प्रत्येक प्रोसेसला स्वतःचा मेलबॉक्स (आलेल्या संदेशांची रांग) असतो आणि पाठवणारी थांबत नाही. तुम्ही १९९४ साली समितीत बसून ठरवलेल्या इंटरफेसचं दुखणं माझ्या गळ्यात बांधताय. पत्र टाकल्यावर पेटीपाशी कोणी उभं राहतं का?

कामगार_नोड

धागाकर्त्याशी असहमत, आणि मी एमपीआयवालाच आहे. सिंक्रोनस सेंड मुळात ठेवला तर प्रत्येक चिमुकल्या संदेशामागे एक जास्तीची फेरी. आमच्याकडे मास्टर काम वाटतो, वर्कर निकाल परत पाठवतात. मास्टर दुसऱ्याशी बोलत असेल तोवर वर्करने हात बांधून बसायचं? मोठ्या जॉबमध्ये हा वेळ पैशात मोजतात. ज्याला थांबायचं नाही त्याच्यासाठी आयसेंड (लगेच परत येणारा सेंड) आहे, तो वापरा. त्या पळवाटेचं कारणही ठाऊक असू द्या. तेव्हा प्रत्येक कंपनीची स्वतःची लायब्ररी होती आणि प्रत्येकीचा सेंड वेगळा वागायचा. एकच अर्थ लादला असता तर मानकावर सही कुणी केली असती?

अडकलेला_रँक

आयसेंड! तो वापरणारे किती जण वेट (पाठवून झाल्याची खात्री) होईपर्यंत पाठवायच्या आकड्यांच्या बफरला हात लावत नाहीत? लूपमध्ये एकच अ‍ॅरे, आयसेंड केला, पुढच्या फेरीत त्याच अ‍ॅरेत नवे आकडे भरले. लहान संदेशांची प्रत आधीच निघालेली असते, म्हणून टेस्ट हिरवी. मोठा संदेश आला की समोर अर्धे जुने, अर्धे नवे आकडे. हा तर लटकतही नाही, सरळ चुकीचं उत्तर देतो. लटकलेला परवडला.

रात्रपाळी

मुक्तसंदेश, तुमच्या त्या पेटीबद्दल. एर्लँगच्या मेलबॉक्सला मुळात मर्यादाच नाही, हे लेखात का नव्हतं? आमच्याकडे लॉग लिहिणारी एकच प्रोसेस होती आणि बाकी सगळ्या तिला 'सेंड करून विसरत' होत्या. डिस्क जरा मंदावली आणि रांग वाढू लागली. त्यात ती सिलेक्टिव्ह रिसीव्ह करायची, म्हणजे हवा तो संदेश मिळेपर्यंत अख्खी रांग चाळायची. रांग जितकी लांब तितकी ती हळू, ती जितकी हळू तितकी रांग लांब. पहाटे नोडची (चालू एर्लँगच्या एका प्रतीची) मेमरी संपली आणि व्हीएम (ती चालवणारं व्हर्च्युअल मशीन) आडवी. पाठवणाऱ्या एकीलाही शेवटपर्यंत पत्ता नाही.

आणि 'पाठवणारी थांबत नाही' हेही अर्धसत्य आहे. दुसऱ्या नोडकडे जाणारा बफर भरला की पाठवणाऱ्या प्रोसेसला सरळ निलंबित करतात. मुळातली मर्यादा १०२४ केबी, बदलायची तर झेडडीबीबीएल नावाचा पर्याय. म्हणजे अडकलेल्या_रँकचा सेंड जिथे थांबतो तिथेच तुमचाही थांबतो, फक्त पाटी वेगळी.

मुक्तसंदेश

बरं बाई, नोडच्या बाहेर थांबू शकतो. झालं समाधान? लॉग लिहिणारीला उलट पोच मागायला हवी होती, त्यासाठीच तर कॉल (उत्तर येईपर्यंत थांबणारी विनंती) आहे. हत्यार नीट वापरता येत नाही हा हत्याराचा दोष नव्हे.

आणि एवढे एमपीआयचे गोडवे गाताय तर हे सांगा: एक प्रोसेस मेली की बाकीच्या सगळ्यांना घेऊन मरायचं, ही कुठली रीत? मुळातला एरर हँडलरच 'चूक म्हणजे मरण' आहे. आमच्याकडे मॉनिटर लावा, समोरची गेली की 'डाउन'चा संदेश येतो, तुम्ही पुढचं बघा.

कामगार_नोड

गोडवे कुणी गायले? पण हा आरोप ऐकून ऐकून कान किटलेत. एर्लँग एरिक्सनमध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी जन्मला. तिथे एक कॉल तुटला तर एक माणूस वैतागतो, बाकीचे बोलत राहतात. आमच्या ग्रिडचा एक तुकडा गेला तर उरलेल्या तुकड्यांचं उत्तर चुलीत घाला. पुढच्या पायरीला त्याच्या कडेचे आकडे लागतात, ते आणायचे कुठून? त्यापेक्षा सगळे मेलेले बरे, मागच्या चेकपॉइंटवरून (जतन केलेल्या मधल्या स्थितीवरून) उठवू.

मुक्तसंदेश

म्हणजे मरणं हे फीचर आहे. छान. लिहून ठेवतो.

जुनं_खोड

हसू येतं. पीव्हीएममध्ये (एमपीआयच्या आधीच्या संदेशांच्या प्रणालीत) नोटिफाय होतं: टास्क मेला किंवा होस्ट गेला तर आपल्याला संदेश यायचा. १९९० च्या दशकात! ते सोडून सगळे एमपीआयकडे धावले आणि आता युएलएफएमच्या (प्रोसेस मेल्यावरही एमपीआय चालू ठेवण्याच्या प्रस्तावाच्या) नावाने तीच गोष्ट मागताहेत. एमपीआय ४.० मध्येही ती घेतली नाही. मोजायचा आकडा ३२ बिटी असल्यामुळे एका वेळी २,१४,७४,८३,६४७ घटकांच्या वर पाठवता येत नव्हते, तेवढं दुरुस्त व्हायला २०२१ उजाडलं. सी++ ची बाइंडिंग्ज (त्या भाषेतून एमपीआय वापरायची सोय) मात्र ३.० मध्ये काढून टाकली. माझा निम्मा कोड त्यावर होता. त्याबद्दल कुणी धागा काढत नाही.

रात्रपाळी

काका, बाइंडिंग्जचं सुतक आता तरी संपवा.

अडकलेला_रँक

धाग्याचा विषय सेंड आहे, मरण नव्हे! पण निघालाच आहे तर मुक्तसंदेश, तुमचा 'डाउन' येतो कधी तेही सांगा. प्रोसेस पडली किंवा कनेक्शन तुटलं तर लगेच, मान्य. मशीनच गप्प झालं तर? नेट टिक टाइम ('जिवंत आहे' असं सांगणाऱ्या टिकची वाट बघायची मुदत) मुळात ६० सेकंद, म्हणजे कळायला ४५ ते ७५ सेकंद. तोवर तुमचे सगळे सेंड आनंदाने परत येत राहणार. मेलेल्या प्रोसेसच्या पिडला (ओळख-क्रमांकाला) पाठवलं तरी चूक येत नाही, हे तर तुम्हीच अभिमानाने सांगता. एकदा तर उलटंच बघितलंय: प्रचंड मोठा संदेश वाहिनीत बसला, टिक त्याच्यामागे अडकला आणि धडधाकट नोड मेला म्हणून जाहीर.

मुक्तसंदेश

एर्लँगच्या ओटीपी २२ या आवृत्तीपासून मोठे संदेश तुकड्यांनी जातात. २०१९ साली सुटलेला प्रश्न उगाळून मुद्दा जिंकायचा असेल तर जिंका. आणि गप्प मशीन लगेच ओळखणारी लायब्ररी तुमच्याकडे असेल तर दाखवा. उशीर लागलेला आणि मेलेला यांत बाहेरून फरक कळत नाही, तुमचा सिंक्रोनस सेंडही तिथे फक्त ताटकळत बसेल.

रात्रपाळी

हे मात्र बरोबर बोललात, लिहून ठेवते. :)

धागाकर्ते, तुम्हालाही एक. एस-सेंड (एमपीआयचा सिंक्रोनस सेंड) परत आला म्हणजे समोर रिसीव्ह सुरू झाला, एवढंच कळतं. तो पूर्ण झाला, आकडे वापरले गेले, फाइलमध्ये उतरले, यातलं काहीही कळत नाही. काम झालं याची पोच शेवटी समोरच्या प्रोग्रॅमनेच द्यायची असते. मग सिंक्रोनसचा एवढा आग्रह कशाला?

अडकलेला_रँक

पोचेसाठी नाही हो. बफरने झाकलेला डेडलॉक पहिल्याच दिवशी उघडा पडावा म्हणून. चार प्रोसेस आणि दहा आकड्यांवर जो कोड लटकेल तो मला तिथेच लटकायला हवाय, मोठ्या मशीनवर रांगेत वाट बघून मिळालेल्या जॉबमध्ये नाही.

कामगार_नोड

त्यासाठी सगळ्या जगाचा सेंड कशाला बदलायचा? पीएमपीआय आहे की, म्हणजे एमपीआयच्या फंक्शनच्या जागी आपलं फंक्शन घालायची सोय. स्वतःचं एमपीआय_सेंड लिहा, आत पीएमपीआय_एससेंड बोलवा, तीच पॅरामीटर्स पुढे द्या, फक्त टेस्टच्या बिल्डमध्ये लिंक करा. मूळ कोडची एक ओळ हलत नाही. आणि तो ग्रिडवाला कोड? सेंडरिसीव्ह (पाठवणं आणि घेणं एकाच फंक्शनमध्ये) केला की अजून तसाच?

अडकलेला_रँक

सेंडरिसीव्ह केला. पीएमपीआयचं म्हणाल तर टेस्टपुरतं चालेल, पण ज्याला हा धोका माहीतच नाही तो ते लावणार कशाला? त्यामुळे मुळातला सेंड सिंक्रोनसच हवा, यावर मी ठाम.

कामगार_नोड

राहा ठाम. माझे वर्कर थांबणार नाहीत.

मुक्तसंदेश

'मरणं हे फीचर आहे' या विषयावर वेगळा धागा काढतोय. जुनं_खोड यांनी नोटिफायबद्दल सविस्तर लिहावं. बाइंडिंग्ज वगळून.

जुनं_खोड

बाइंडिंग्ज वगळून लिहिणार नाही.