साथीच्या धास्तीने सिगारेट सुटते का?

धागाकर्ता: कोविडमधून उठल्यावर बाल्कनीत पहिली सिगारेट पेटवली. दुसऱ्याच झुरक्याला अशी उबळ आली की कठडा धरून मटकन खाली बसलो. बोटाला अजून ऑक्सिमीटर होता. उरलेलं पाकीट त्याच दिवशी पाण्यात बुडवलं, आजतागायत शिवलो नाही. धूम्रपान करणाऱ्यांचा कोविड गंभीर होण्याचा धोका जास्त, हे जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्येच सांगितलं होतं. माझं स्पष्ट मत: व्यसन सोडायला श्वसनाच्या साथीसारखी दुसरी वेळ नाही.

प्रतिसाद १: तुमची सुटली याचा मनापासून आनंद आहे. मत मात्र पटलं नाही. धास्ती वाटली की माझा हात आधी पाकिटाकडेच जातो. ऑफिसात सिगारेटसाठी चार मजले उतरावे लागायचे, म्हणून दिवसाला चार-पाचवर भागायचं. घरून काम सुरू झालं आणि ॲशट्रे लॅपटॉपशेजारी आला. महिन्याभरात पाकीट पुरेना. मी एकटा नव्हतो. अमेरिकेत सिगारेटची विक्री २०२० मध्ये वीस वर्षांत पहिल्यांदा वाढली. वाढ अर्ध्या टक्क्याहून कमी होती, पण वर्षानुवर्षांची घसरण थांबलीच ना?

धागाकर्ता: तो दोष एकटेपणाचा. हाताशी मिळालीच नसती तर?

प्रतिसाद १: तेही करून झालंय. दक्षिण आफ्रिकेने मार्च ते ऑगस्ट २०२० तंबाखूविक्रीच बंद ठेवली. बहुतेकांनी चोरट्या बाजारातून चढ्या भावाने घेतली. निकोटिनची तलफ दुकानाच्या कुलपाला जुमानत नाही. आम्हाला निकोटिनचे पॅच हवे होते, समुपदेशन हवं होतं. नुसती भीती घालून काय होणार?

प्रतिसाद २: तुम्ही दोघंही ओढणाऱ्यांचंच बोलताय. आम्ही न ओढणारे त्याच दोन खोल्यांत कोंडलेलो होतो. नवरा खिडकीत उभा राहून ओढायचा, धूर आत यायचा. मुलीला दमा आहे. तिचा इनहेलर मी उशीखाली ठेवून झोपायचे. तिला रात्री खोकला लागला की हा कोविड की धूर, या विचाराने माझी झोप उडायची. प्रतिसाद १, मदत मिळायलाच हवी, तुमचं पटतं. पण ॲशट्रे लॅपटॉपशेजारी आला तेव्हा त्या खोलीत आणखी कोण होतं?

प्रतिसाद १: आई होती. तिला उच्च रक्तदाब आहे. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय.