एक्सपीवालं जुनं डीटीपी सॉफ्टवेअर नव्या लॅपटॉपवर चालन का?

दारव्हा_डीटीपी:
राम राम मंडळी. तालुक्याच्या गावी डीटीपी-झेरॉक्सचं दुकान आहे, लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे बॅनर, तान्ह्या पोळ्याचे फ्लेक्स सगळंच करतो. जुन्या पीसीत विंडोज एक्सपी आहे अन् त्याच्यात मराठीचं जुनं सॉफ्टवेअर अन् डिझाइनचं कोरल, ते मराठीवालं सॉफ्टवेअर पीसीच्या मागं लॉक, म्हणजे कंपनीनं दिलेला छोटा डोंगल, लावल्याशिवाय उघडतच नाही. पीसी आता कधीही बंद पडून राहिला, लग्नसराई तोंडावर. नवीन लॅपटॉप घेतला, विंडोज ११, रॅम ८ जीबी, त्याच्यावर ते इन्स्टॉलच होत नाही. एक पोरगा म्हणते ड्युअल बूट कर, दुसरा म्हणते व्हर्च्युअल मशीन टाक. फरक काय अन् मले कोणतं जमन?

पुसद_कॉम्प्युटर_क्लास:
दादा, ड्युअल बूट विसरा. त्यात एका वेळी एकच विंडोज चालू राहते, दुसरं पाहिजे तर मशीन रीस्टार्ट, म्हणजे गिऱ्हाईक समोर उभं अन् तुम्ही बंद-चालू करत बसा. आणि एक्सपीला जुन्या पद्धतीचा बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम, लागतो, हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपवर त्याच्या जागी नुसता नवा यूईएफआय असतो, त्यावर ते सुरूच होणार नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये एक्सपी विंडोज ११ च्या आत एका खिडकीत चालतं, त्याची अख्खी हार्ड डिस्क म्हणजे तुमच्या लॅपटॉपवरची एक मोठी फाइल. असं मशीन बनवायचं व्हर्च्युअलबॉक्स नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते घ्या. हायपर-व्ही नावाचं मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं पण आहे पण ते होम एडिशनमध्ये मिळत नाही आणि लॉकसाठी ते गैरसोयीचंच.
आधी हे सांगा, लॉक यूएसबीचा आहे की जुन्या प्रिंटर पोर्टचा? सगळं त्याच्यावर अडलंय.

दारव्हा_डीटीपी:
ताई, लांबट आहे, दोन्ही बाजूला स्क्रू, प्रिंटरची जाड केबल लागायची त्याच जागी बसते. रबर बांधून ठेवलाय नाहीतर ढिला होते.

आर्वी_हार्डवेअर:
बाप्पा, मंग तो पॅरलल पोर्टवाला आहे. नव्या लॅपटॉपवर ते पोर्टच नाही अन् बाजारात यूएसबीला लावायची जी वायर मिळते ती फक्त प्रिंटरसाठी असते, तिच्यावर लॉक चालत नाही, पैसे घालू नका. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन करून जुना लॉक देऊन यूएसबीचा बदलून मागा, बिल असन तर सोबत ठेवा. तो मिळाला की बाकी सोपं आहे. एक्सपीले नव्या यूएसबी ३ चा ड्रायव्हरच नाही म्हणून व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमध्ये यूएसबी १.१ नाहीतर २.० ठेवा, अन् तिथंच यूएसबी फिल्टर, म्हणजे हे उपकरण आतल्या मशीनला द्यायचं अशी नोंद, टाकून लॉक एक्सपीकडं वळवा, तोवर विंडोज ११ ले तो दिसला तरी आतल्याले दिसत नाही. सेटिंगमध्येच डिस्क जोडायची जुनी पद्धत आयडीई कंट्रोलर ठेवा, नव्या साटावर ठेवली तर एक्सपी निळा स्क्रीन दाखवते. रॅम त्याले १ जीबी पुरे, जास्त देऊन काही फायदा नाही.

पुसद_कॉम्प्युटर_क्लास:
बरोबर. आधी टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, सीपीयू, तिथं व्हर्च्युअलायझेशन एनेबल्ड दिसलं पाहिजे. नसेल तर बायोसमध्ये जाऊन चालू करा, इंटेलच्या मशीनवर व्हीटी-एक्स किंवा व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी आणि एएमडीवर एसव्हीएम असं काहीतरी लिहिलेलं असतं. आणि एक्सपी चालू असताना खाली कोपऱ्यात हिरवं कासव दिसलं तर समजायचं की विंडोजचं हायपर-व्ही मध्ये बसलंय, चालेल पण कासवासारखंच. विंडोज ११ च्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये कोअर आयसोलेशनमधलं मेमरी इंटिग्रिटी त्याचं बऱ्याचदा कारण असतं.

दारव्हा_डीटीपी:
लॉक बदलून देतो म्हणाले, थोडे पैसे लागतीन. इंटरनेट आत चालू ठेवू का, व्हॉट्सॲपवरून फोटो येतात गिऱ्हाईकांचे.

आर्वी_हार्डवेअर:
बिलकुल नाही. एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ लाच बंद झाला, व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमध्ये नेटवर्क नॉट अटॅच्ड करून टाका. फोटो विंडोज ११ मध्ये उतरवा, आत एक्सपीत गेस्ट ॲडिशन्स, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सचं जोड सॉफ्टवेअर, टाकून दोन्हीकडून दिसणारं शेअर्ड फोल्डर बनवा अन् त्याच्यातून आत घ्या. प्रिंट पण आतून काढायच्या भानगडीत पडू नका, कोरलमधून पीडीएफ करा, ती फोल्डरमध्ये टाका अन् बाहेरून प्रिंट मारा, फ्लेक्सवाले तर पीडीएफच मागतात. हो, आत एक्सपी टाकताना प्रॉडक्ट की, म्हणजे सीडीसोबतचा नंबर, लागते, ती जुन्या सीडीची कुठं ठेवली शोधून ठेवा.

वर्धा_फ्लेक्स:
माझ्याकडं असंच चालू आहे. सगळं बसलं की स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या त्या वेळच्या स्थितीची नोंद, घेऊन ठेवा, नंतर काही बिघडलं की मागच्या जागी परत येता येते. पण स्नॅपशॉटले बॅकअप समजू नका, मशीनचं अख्खं फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा, मशीन बंद असताना. जुन्या पीसीतल्या पत्रिकांच्या फाइली आधी त्या हार्ड डिस्कवर घ्या, पीसी पडला की मंग रडून काही होत नाही. अन् मे महिन्यात लॅपटॉप टेबलावर उंचावर ठेवा, इथं दुपारी दोन विंडोज एकदम चालवल्या की पंखा बोंबलते. लाइन गेली अन् बॅटरी कमी असली तर आतलं एक्सपी बंद नका करू, व्हर्च्युअलबॉक्सचं सेव्ह स्टेट दाबा, दुसऱ्या वेळी तीच पत्रिका जिथं होती तिथंच उघडते.

दारव्हा_डीटीपी:
हे सेव्ह स्टेटवालं बेस्ट आहे राजेहो, आमच्याकडं लाइन जाणं तर रोजचंच. लॉक आला की टाकतो.