गुऱ्हाळावरची शाळा

‘प्रयोगशील शाळा समाजापासून तुटलेल्या असतात’ असं काही जण म्हणतात; कोल्हापूरकर म्हणून मला ते अजिबात पटत नाही. शिक्षणतज्ज्ञ लीलाताई पाटलांनी १९८५ साली इथे सृजन आनंद विद्यालय ही प्रयोगशील शाळा सुरू केली, तेही मराठी माध्यमात. (इंग्रजीची ओढ वाढत असताना हे सोपं नव्हतं.) परिसरातून शिकणं आपल्याकडे तर सहज जमेल. हंगामात मुलांना गुऱ्हाळावर न्या. काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, उसाचा रस उकळतो, भेंडीच्या पाण्यानं मळी वर येते, गूळ करणारा गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बघतो. किती रसाला किती गूळ, हे मुलं आपणहून विचारतील. त्या दिवशी शिक्षकांनी मागं राहावं, गुळव्यालाच बोलू द्यावं. कुणाचं गुऱ्हाळ असेल तर जवळच्या शाळेला दिवाळीआधीच सांगून ठेवा.