सर्व्हिसिंगच्या दुसऱ्याच दिवशी इंजिन गेलं, शोरूम म्हणतं पिवळ्या पाटीला ग्राहक आयोग नाही

स्टेशनचा_सारथी:
मंडळी, सल्ला हवाय. माझी डिझेल टुरिस्ट गाडी आहे. सोलापूर स्टेशनवरून अक्कलकोट, तुळजापूर, गाणगापूर, पंढरपूर अशी भाविकांची भाडी मारतो. गाडी एकच, ड्रायव्हर मीच, हप्ता चालू आहे.

शहरातल्याच अधिकृत सेंटरमध्ये सर्व्हिसिंग केलं. बिलावर ऑईल आणि ऑईल फिल्टर बदलल्याची नोंद आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे एक म्हातारं जोडपं घेऊन तुळजापूरला निघालो. तामलवाडीच्या अलीकडं ऑईलचा लाल दिवा लागला. लगेच गाडी कडेला घेऊन बंद केली. खाली वाकून बघतो तर फिल्टरपासून मागच्या चाकापर्यंत सगळं माखलेलं, डिपस्टिक कोरडी. आधी मीटरसकट व्हिडिओ काढला, मग मिस्त्री बोलावला.

त्यानं फिल्टर खोलून दाखवलं. नव्या फिल्टरला त्याची रबरी रिंग होतीच, आणि इंजिनच्या तोंडाला जुन्या फिल्टरची रिंगही तशीच चिकटलेली, चपटी आणि कडक. तिच्यावरच नवा फिल्टर आवळलेला. एका बाजूनं रबर बाहेर फेकलं गेलं होतं. ऑईल भरून गाडी जेमतेम चालू केली तर खालून टकटक. तशीच बंद केली आणि टोचन करून आणली. जोडप्याला दुसऱ्या गाडीनं पाठवलं, भाडं मी दिलं.

आता शोरूम म्हणतं, फिल्टर बाहेरच्यानं खोलला, आमचा संबंध संपला. बेअरिंग गेलंय, खर्च लाखाच्या वर, मजुरीत निम्मी सूट देतो, सही करा. त्या कागदावर काय, तर बिघाड वापरामुळे झाला आणि माझी काही तक्रार नाही! वर सांगतात, कमर्शियल गाडीला ग्राहक आयोगात जाता येत नाही. चूक पोराच्या हातून झाली असेल, त्याच्यावर माझा राग नाही. पण माझं पोट ज्या गाडीवर आहे ती बंद पाडून माझ्याकडूनच असं लिहून घ्यायचं, हे मला सहन होत नाही. सही केलेली नाही. गाडी त्यांच्याच आवारात आहे.

गॅरेजवाला_अक्कलकोटरोड:
दादा, आधी तो फिल्टर आणि दोन्ही रिंगा सांभाळा. पुसू नका, पिशवीत बंद करा. मिस्त्रीकडून काय दिसलं ते तारीख घालून लिहून घ्या.

जुनी रिंग उष्णतेनं ब्लॉकला चिकटते, फिल्टर खाली आला तरी ती वरच राहते. म्हणून खोलल्यावर तिथं बोट फिरवून बघायचं असतं. आमच्याकडं पोरगा पहिल्या आठवड्यात हे शिकतो. सेंटरमध्ये गाडी थोडा वेळ चालवली तर गळत नाही, म्हणून गेटपास मिळतो. पहाटे थंड इंजिनात ऑईल घट्ट असतं, प्रेशर चढतं आणि रिंग सुटते. तुमचं दुसऱ्या दिवशी गेलं ते म्हणूनच.

तुम्ही समोर असल्याशिवाय चेंबर, म्हणजे इंजिनखालची ऑईलची टाकी, खोलू देऊ नका, हे ईमेलनं कळवा. बेअरिंगचे शेल घासून आतलं तांबं दिसत असेल आणि तळाला चमकणारा चुरा असेल, तर ऑईल न पोचल्याचाच तो पुरावा. टर्बोही बघून घ्या, त्यालाही हेच ऑईल जातं. इन्शुरन्समध्ये मेकॅनिकल बिघाड बसत नाही, तिकडं वेळ घालवू नका. पण परवानाधारक मोटार सर्व्हेयरला स्वतः फी भरून बोलवा. त्याच्या अहवालाला वजन असतं.

वकील_ताई_जुळेसोलापूर:
पिवळ्या पाटीची भीती बाळगू नका. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः घेऊन स्वतः वापरलेली वस्तू व्यावसायिक वापरात धरत नाहीत, असं ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(7) च्या स्पष्टीकरणात आहे. सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात रिक्षाचंच उदाहरण दिलंय. स्वतः चालवून पोट भरणारा ग्राहक ठरतो, पूर्णपणे दुसऱ्याला चालवायला देणारा नाही. तरी समोरचा वकील हा मुद्दा काढणारच. म्हणून गाडी एकच आहे आणि तुम्हीच चालवता हे तक्रारीतच लिहा, परमिट, लायसन्स, हप्त्याचं पासबुक जोडा.

आधी लेखी नोटीस द्या. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवरही तक्रार नोंदवा, कधीकधी तिथंच मिटतं. नाहीच मिटलं तर जिल्हा आयोग. मुदत 2 वर्षांची आहे. मोबदला, म्हणजे सेवेसाठी तुम्ही मोजलेले पैसे, 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, तुमचं सर्व्हिसिंगचं बिल त्यात सहज बसतं. स्वतः उभं राहिलात तरी चालतं. त्या कागदावर मात्र सही नको.

पंढरी_टूर्स:
भावा, बुडालेली भाडीही मागा. ॲडव्हान्स परत केल्याचे मोबाईलवरचे मेसेज जपून ठेवा. तोंडी सांगितलेलं कोण मानत नाही. टोचनची आणि त्या दुसऱ्या गाडीचीही पावती घे.

स्टेशनचा_सारथी:
ताई, दादा, लई आधार वाटला. रिंगा माझ्याकडंच आहेत. गेटपासवरचं किलोमीटर आणि व्हिडिओतलं मीटर ताडून बघितलं, फरक शंभरच्या आतच आहे. शोरूमला आत्ताच ईमेल केला, माझ्या आणि सर्व्हेयरच्या समोरच चेंबर खोला म्हणून. एक विचारायचं राहिलं, तो चुरा निघाला तर कशात ठेवू?

गॅरेजवाला_अक्कलकोटरोड:
कोरड्या काचेच्या बरणीत, तळाच्या ऑईलसकट. झाकण चिकटपट्टीनं बंद करा, वर तारीख आणि सर्व्हेयरची सही घ्या. कुणी तिथं नसेल तर मला सांगा, मी येतो.